पेशींना निरोप

बायको गेल्यावर स्वयंपाक करताना माझं मनगट भाजलं. जखम भरली, पण व्रण वाढतच राहिला, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. शेजारी एक आजी-आजोबा बसले होते. आजींच्या टोचलेल्या कानाला द्राक्षाएवढी गाठ होती.

"आज कापूनच टाकू," आजी म्हणाल्या.

"कापली तर आणखी मोठी येईल म्हणालेत. जखम कधीच भरली, पण पेशींना थांबायचा निरोप पोचत नाही. त्या आपल्या भरतच बसल्यात."

"मग तुम्ही सांगा त्यांना."

आजोबा खरंच कानाशी वाकले. "अहो, झालं काम. पुरे आता."

"अहो काय? दरडावा!"

"तुझ्या पेशी आहेत. धीर होत नाही."

आजींनी माझं मनगट पाहिलं. "तुमच्या पेशींना कोण सांगतं?"

"कुणी नाही."

"अहो, यांच्यावर तरी ओरडा!"

आजोबा माझ्या मनगटाशी वाकले.

"पुरे आता," ते हळूच म्हणाले. "दमला असाल."