बॅटरीत घातलेलं तीर्थ

माझं माहेर गडहिंग्लजचं, वडील मास्तर, म्हणून इंग्रजी घरातच आलं, आणि लग्न होऊन मी कोल्हापुरात वकील मामंजींच्या घरी आले, तिथे त्यांची जुनी विलायती मोटार होती, आणि काय सांगू तुम्हाला, बाळांनो, तिची मर्जी सगळं घर सांभाळायचं. तिची बॅटरी सहा व्होल्टची, हल्लीसारखी बाराची नव्हे, आणि बसायची कुठे, तर पुढच्या सीटसमोर, पायाखालच्या फळीखाली. फळी उचलायची, तीन बुचं काढायची, आतलं पाणी उतरलं असेल तर भरायचं, तारांच्या टोकांना व्हॅसलीन लावायचं. हे काम मामंजींनी मला दिलं होतं, कारण मी नेमाची.

एका खंडेनवमीला, मी इंग्रजी शिकवायचे त्या शाळेतल्या पूजेला निघाले, आणि जाता जाता सासूबाईंना म्हणाले, आक्का, बॅटरीला पाणी घालायचं राहिलंय, आल्यावर घालते. एवढंच म्हणाले. डिस्टिल्ड पाण्याची बाटली फडताळात असते, दुसरं पाणी चालत नाही, हे म्हणाले नाही. आक्का हुपरीच्या, चांदीचे पैंजण घडवणाऱ्या घरातल्या, मायाळू फार. पोरगी दमून येईल, म्हणून त्यांनी देवघरातला कृष्णेच्या पाण्याचा गडू घेतला आणि तिन्ही बुचं काढून आत तीर्थ घातलं, वर हळदकुंकू वाहिलं. मी आल्यावर म्हणाल्या, पाणी घातलंय गं, आणि मी फळी उचलून बघितलं नाही.

दिवाळीत त्यांच्या आजारी बहिणीला बघायला शिरोळला जायचं ठरलं, तर गाडी सुरूच होईना. मामंजींनी फळी उचलली, बुचांवर कुंकू. आक्का म्हणाल्या, मी घातलं पाणी, कृष्णेचं. मामंजी रागावले नाहीत, नुसते हसले, बॅटरीला मोक्ष दिलास की गं. त्या हसण्यानं आक्का पार खचल्या. एसटीनं शिरोळला गेल्या, आणि त्यानंतर गाडी हँडल मारून सुरू केली तरी तिच्यात बसायचं नावच नाही. गुडघे दुखायचे तरी देवळात चालत जायच्या. मला घास गोड लागेना.

गॅरेजचा मिस्त्री सांगून थकला, आक्का, येकदा पाणी घालून बॅटरी मरत न्हाय, तिच्या आतल्या शिशाच्या प्लेटा आधीच गळल्यात्या. आक्का म्हणाल्या, व्हय, सुनंनं शिकवून धाडलंय तुला. ते खरंच होतं.

मग नवी बॅटरी घ्यायला मी त्यांनाच हाताला धरून गॅरेजात नेलं. मिस्त्रीनं दोन बॅटऱ्या मांडल्या, आकार एकच. मला काही कळेना. आक्कांनी पदर खोचला, एकेक बॅटरी वीतभर उचलली, माहेरी चांदी जोखायच्या तसे डोळे मिटले, आणि म्हणाल्या, ही घ्या, हिच्या पोटात जास्त हाय. मिस्त्री म्हणाला, बरोबर, हिच्यात प्लेटा जास्ती. त्यानं ती बसवली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि मी आक्कांना पुढे बसवलं. बसल्या, पण दोन्ही पाय वर, सीटवर मांडी घालून. पाय सोडा की आक्का, म्हटलं, तर म्हणाल्या, न्हाय गं, तिच्या डोक्यावर पाय कसा देऊ? शेवटपर्यंत त्या गाडीत तशाच बसल्या.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी एकदा म्हणाले, आक्का, चूक माझी, कुठलं पाणी ते मी सांगायला हवं होतं. त्या हसून म्हणाल्या, तू सांगितलं असतंस तरी मी कृष्णेचंच घातलं असतं की. ते खरं होतं, की माझ्यासाठी म्हणाल्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. असो. तुम्ही दूर आहात, सुखी असा, आणि घरात कुणाला काम सांगाल तर पुरतं सांगा.