तळघरातली मोकळी खुर्ची

"सूनबाई बोलतच न्हाय त्याच्याशी. जमत न्हाय वाटतं दोघांचं," सासूबाई स्वयंपाकघरात नणंदेला सांगत होत्या, आणि मी दाराआड कपड्यांच्या घड्या घालत होते.

आता ऐका. लग्नानंतर महिन्याभरात हे नोकरीसाठी इंग्लंडला गेले. माझा व्हिसा अजून यायचाय. रविवारी ते तिथलं जुनं शहर फिरतात आणि आम्हाला व्हिडिओवर दाखवतात. फोन सासूबाईंच्या हातात, मी त्यांच्या खांद्यामागे.

परवा एका दुकानाखालचं जुनं दगडी तळघर निघालं. हे पायऱ्या उतरायला लागले तशा सासूबाई ओरडल्या, "आरं, पेवात असं उतरत्यात व्हय? आदी कंदील सोड! इझला तर माघारी फिर!" गावाकडे पेवात, म्हणजे धान्याच्या जमिनीखालच्या कोठारात, उतरताना आतली हवा तशीच तपासतात.

तेवढ्यात रेंज गेली. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले.

थोड्या वेळाने हे वर आले. "आई, आत हॉटेल आहे. चहा प्यायलो. समोरची खुर्ची मोकळीच होती," म्हणताना ते आईच्या खांद्यामागे बघत होते.

"मग पाय ठेवायचे की तिच्यावर!" सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा मी सासूबाईंना म्हणाले, "आत्या, आमचं जमतंय. फोन तेवढा माझ्याकडे द्या."