पुढच्याचं जाकीट

मावशी : बगलेत दोन बोटं सैल, कमरेत चार. एवढं ढगळं जाकीट दिलंच कसं रे तुला?

भाचा : दिलं, मी घेतलं. तू आत घे ना, मावशी. सहाला छावणीत हजर व्हायचंय, उद्या पहाटे निघायचंय.

मावशी : नीट उभा राहा. तुकडीत काम काय म्हणालास?

भाचा : मघाशी आईसमोर सांगितलं की. आम्ही दहा जण. एक कमांडर, एकाकडे मशिनगन, मी त्याचा जोडीदार. तो झाडणार, मी गोळ्यांचे पट्टे पुरवणार. अगदी मागे. निवांत काम आहे.

मावशी : हो का? मग पट्ट्यांचे खण कुठायत?

भाचा : कसले खण?

मावशी : अरे, अकरा वर्षं कारखान्यात हीच जाकिटं शिवतेय मी! जोडीदाराच्या जाकिटाला पोटावर दोन मोठे खण असतात. वायरलेसवाल्याला खांद्यावर पट्टी, मलमपट्टीवाल्याला पाठीवर पिशवी. आणि हा उजवीकडचा लांबट कप्पा कशाचा?

भाचा : असाच आहे तो.

मावशी : असाच म्हणे! काटेरी तार तोडायच्या कात्रीचा आहे तो. शेजारचा पांढऱ्या फितीचा, मागच्यांना वाट दाखवायला. दहा जणांत असलं जाकीट एकालाच देतात. सगळ्यात पुढे चालतो त्याला.

भाचा : हळू बोल ना! आई आत आहे.

मावशी : थापाड्या! आणि हे काय, छातीवर? नावाची पट्टी उसवलीये कोणीतरी, टाक्यांची भोकं ताजी आहेत. कोणाचं होतं हे?

भाचा : एक आडदांड गडी होता. पैलवान म्हणायचो आम्ही त्याला.

मावशी : होता म्हणजे?

भाचा : मंगळवारी गेला.

(शिवणयंत्राचं चाक रिकामंच फिरतं आणि थांबतं.)

मावशी : जाकीट इथंच ठेव. मशीन बिघडलं म्हणून सांग, दोन दिवस लागतील म्हण. जाकिटाशिवाय थोडंच पाठवतील पुढे?

भाचा : मला नाही पाठवणार. आमच्यातल्या चश्मिसला पाठवतील. मुळात त्याचंच नाव निघालं होतं. परवा मुलगी झालीये त्याला, अजून बघितलीसुद्धा नाही. मी म्हटलं, मी जातो.

मावशी : शहाणाच आहेस! कोणी सांगितले होते नसते उद्योग?

भाचा : कोणी नाही गं. तोंडातून निघून गेलं. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. कमांडरकडे दोनदा गेलो, नको म्हणायला. दोन्ही वेळा दारातूनच परत आलो.

मावशी : मग आता जा. मी येते बरोबर.

भाचा : आणि त्या चश्मिसकडे कुठल्या तोंडाने बघू? ढगळं असलं की तारेत अडकतं, मावशी. तेवढं नीट करून दे. मला फार भीती वाटतेय.

मावशी : मलाही, रे. हात वर कर. माप पुन्हा घेते, मघाशी नीट बघितलंच नाही मी.