म्हसोबाच्या निवदाचं कालवण

न्हाय न्हाय, तितंच बस तू, त्या दगडावर. चुलीच्या लई जवळ यायचं काम न्हाय — तुझी ओढणी ही अशी झिरझिरीत, एक ठिणगी उडाली की समदी मलाच बोलतील, म्हणतील नवी सून द्वारकाबाईच्या चुलीपाशी धाडली आन् तिनं जाळून ठिवली. धाडलीच हाय ना तुला? आता मान हलवू नगं, माधवे. बारामतीच्या कालेजात शिकलेली पोर तू, हातातल्या हिरव्या बांगड्या अजून उतरल्या न्हायत, तिकडं लिंबाखाली तुझ्या वयाची पोरं कैरीचं पन्हं पीत बसल्यात — ती सावली सोडून ह्या उन्हात चुलतसासूपाशी बसायची हौस तुला कशी काय आली? कालवण शिकायचं म्हणतीस. शिक की. पण शिकणारीचं डोळं भगुल्यात असत्यात, तुझं माझ्या हाताकडं हायत. आन् तो उजवा हात ओढणीखाली का? मोबाईल हाय? बरं, मोबाईल तर मोबाईल. शूटिंग करून सासूला दावायचं आसंल. दाव. माझी धाकटी जाऊच हाय ती, परकी का हाय — जलमभर माझ्या हाताकडंच बघत आली अनसूया, आता तुझ्या डोळ्यांनी बघंल.

हे वाटण बघ, नीट बघ, मी काय लपवत न्हाय. सुकं खोबरं चुलीत भाजल्यालं, कांदा सालीसकट निखाऱ्यात टाकल्याला, लसूण, कोथमीर, आन् चिंच न्हाय — उन्हाळ्यात चिंच कशाला, कैरी हाय की दारची. चिलापी माशाला आदीच हळद-मीठ लावून ठिवलंय. भाकरी ज्वारीची, तुझी सासू थापती हाय तितं, भाकरी तिची चांगली असती, त्यात खोट काढणार न्हाय मी. पण पळी माझी. सासूबाईंनी माझ्या हातात दिल्ती, समद्यांच्या देखत. तुला ठावं हाय का, हे जेवण उन्हाळ्यातच का व्हतं? तो शेंदूर लावल्याला दगड दिसतोय का, गाळात? तो आमचा म्हसोबा. धरणाचं पाणी आलं तवा आमचं रान गेलं आन् देव बी पाण्यात गेला. वरीसभर बुडून असतो. वैशाखात पाणी हटलं की डोकं वर काढतो — तिकडं पळसदेवाचं जुनं देऊळ उघडं पडतं, लोकं मोटारी घिऊन फोटो काढाय येत्यात, तसा हितं आमचा म्हसोबा. मग समदं घर गोळा व्हतं, पुण्याची, भवानीनगरची, समदी. आदी ह्याला बोकड व्हता. पाण्यात ऱ्हायला लागल्यापासनं मासा खातो.

आन् निवद दावल्याबिगर चव घ्यायची न्हाय. ध्यानात ठिव. पळी जिभंला लावली की निवद उष्टा झाला. मग मीठ कसं कळायचं, इचार की — समदी इचारत्यात. वासावर. उकळी आली की भगुल्यावर वाकायचं, वाफ नाकात घ्यायची, कमी मिठाचा वास येगळा, जास्तीचा येगळा. माझ्या सासूला यायचं ते, आन् मला. अनसूयाला न्हाय जमलं. किती वाकली, नुसतं डोळ्यात पाणी आलं तिच्या. तवापासनं तिच्या मनात हाय बघ ते. पळी हातनं जावी, म्हातारीचं कायतरी चुकावं, आन् चारचौघांत कुणीतरी म्हणावं की आता अनसूयानं कालवण करावं. आसं कुणी म्हणलं का घरात? न्हाय? खरं सांग.

थांब, एक मूठ मीठ टाकू दे. — काय झालं? दचकलीस का? टाकलं व्हतं मघाशी, व्हय, ठावं हाय मला. पण वासच येत न्हाय ना कालवणाला. मासाच तसला आलाय ह्या सालाला, पाणी घाण झालं वरनं, आन् मसाल्याचं तर नावच काढू नगं, भिगवणच्या बाजारातनं आणला, नुसता भुस्सा. मागच्या सालाला बी तसाच. घरी सूनबाई रांधती, दिग्विजयची बायको, अळणी, पाणचट, मातीवाणी लागतं — दिग्विजय भुरकून खातो, आन् मी म्हणते, मला येगळं वाढती का काय ही. व्हय, आसं बी असतं. परवा कशी ओरडत आली, म्हणती, आत्याबाई, दूध करपून कोळसा झालं, तुमी हितंच बसलाय, वास आला न्हाय व्हय? आता वास आसता तर आला आसता ना. मग म्हणती गॅस उघडा ऱ्हायला. एकेक शोधून काढत्यात. म्हातारी भुललीय आसं एकदा गावात झालं की पळी काढून घ्यायला कितीसा येळ लागतो.

मागच्या सालाचं तुला कुणी सांगितलं आसंल. न्हाय सांगितलं? मग माझ्याकडनं ऐक. पंगत बसली. जो तो म्हणतोय, झ्याक झालंय, झ्याक झालंय. मालक तर दोनदा म्हणलं — ते कवा एकदा म्हणत न्हाईत, लगीन झाल्यापासनं खाली मान घालून खात्यात आन् उठत्यात. मला तवाच वाईच खटकलं. झ्याक म्हणत्यात आन् तांब्यावर तांब्या पाणी पित्यात. मग भांडी घासाय मी पाण्याकडं गेले, तर बांधाच्या पल्याड कालवण वतल्यालं. लई. कुत्री बी हुंगून बाजूला झाल्याली. कुणी वतलं? आन् भगुलं घासताना — हे नीट ऐक, हे मी कुणाला सांगितलं न्हाय, मालकाला बी न्हाय — तळाला, काट्यांच्या खाली, एक गोळा घावला. लिंबाएवढा. कणकेचा.

भगुलं तितंच खाली ठिवलं. म्हणलं करणी हाय ही. मोडून बघितला, टाचणी न्हाय, कुकू न्हाय, केस न्हाय, नुसती गव्हाची कणीक. आता इचार कर, तू शिकल्याली हायस. हितं भाकरी ज्वारीची. गव्हाचं पीठ हितं येतंच न्हाय. म्हंजी कुणीतरी घरनं मळून आणली, लपवून आणली, आन् माझी पाठ फिरल्यावर सोडली. ठरवून. आन् भगुल्यापाशी कोण व्हतं मी निवदाचं ताट घिऊन म्हसोबाकडं गेले तवा? अनसूया. पदर खोचून ढवळत व्हती, मी आल्याली बघितली आन् पळी टाकून बाजूला झाली. तवापासनं तिच्या घरचा चहा पिले न्हाय मी. तिनं इचारलं बी न्हाय का म्हणून. इचारंल कशाला, मनात चोर असल्यावर.

काय म्हणलीस? कणीक कशाला टाकत्यात कालवणात? ... आगं, एवढं बी ठावं न्हाय तुला, आन् आलीस शिकाय. मीठ जास्त झालं की टाकत्यात. कणकेचा गोळा सोडायचा, उकळी येऊ द्यायची, मीठ वढून घेतो तो. माझ्या सासूनंच शिकवलं आमाला, मला आन् अनसूयाला, दोघींला एकदमच — पण ते खारं झाल्यावर. मागच्या सालाला खारं कुठं —

कालवण नासवणारी गोळा कशाला टाकंल.

मालकानी लई पाणी पिलं त्या दिवशी.

थांब, बोलू नगं. लाकूड वढ बाहीर, जाळ कमी कर. तिला घरनंच मळून आणावी लागली, म्हंजी तिला आदीच ठावं व्हतं. त्याच्या मागच्या सालाला बी झालं आसंल मग. तवा बी सोडला आसंल तिनं, आन् मला घावला नसंल. दोन सालं. आन् एक शबुद न्हाय, कुणाला न्हाय, मी चहा सोडला तवा बी न्हाय. पंगतीत वाढताना माझ्याच नावानं वाढत व्हती, द्वारकाबाईच्या हातचं म्हणून.

माधवे, तो हात काढ ओढणीखालनं. काढ म्हणते ना. मोबाईल न्हाय तो, मोबाईल तुझा त्या पिशवीवर पडलाय, मी मघाच बघितलाय. मूठ उघड.

...

बरोबर मळलीय. घट्ट. सईल मळली की इरघळती.

त्या तापापासनं गं. त्यो मोठा ताप आल्ता ना समद्यांला, त्यात गेला वास. म्हणलं यील, यील. गुलाबाचा न्हाय, शेणाचा न्हाय, नातवाच्या टाळूचा न्हाय. जेवते ती निस्ती सवय म्हणून. सूनबाईला अळणी अळणी करून रडवलं मी. कुणाला सांगायचं भ्या वाटलं, मला दुसरं येतंय काय ह्याच्याबिगर? आजून बी वाटतं मला, अनसूयाला पळी पायजेच हाय. पायजे आसंल तर आसंल. पण मागितली न्हाय तिनं.

इकडं ये. जवळ ये, जाळ कमी हाय आता. वाक भगुल्यावर, वाफ घे. चाखायचं न्हाय, निवद हाय. कसा येतोय वास? जास्त हाय? तोंडानं बोलू नगं, समदी बघत्यात तिकडनं, नुसती मान हलव. ... लई जास्त?

सोड मग. हळू सोड, कडंनं, मासा मोडंल.

आन् जा आता. निवदाचं ताट घिऊन ये, आन् तुझ्या सासूला सांग, चहा ठिव म्हणावं वाईच, जेवणं झाल्यावर यीन मी तिच्याकडं. दुसरं काय सांगू नगं. तिनं इचारलंच तर म्हणावं, सोडला गोळा, म्हातारीची पाठ व्हती.

जा की. बघतीस काय.