हात पुरेल तिथं फळी

मेट्रन : काका, मी एकच विचारते. या दोन पलंगांचा एक पलंग कसा झाला?

काका : चार बोल्ट लावलेत. मध्ये रबरी वायसर दिलेत, म्हणजे कुरकुरणार नाही. बसून बघा.

मेट्रन : मला बसायचं नाहीये. सकाळी राउंडला आले तेव्हा दोन पलंग होते आणि मधे चांगली वाट होती.

काका : सगळे नाश्त्याला गेले होते ना, तेवढ्यात उरकून टाकलं. म्हटलं, ठोकाठोकीचा उगाच कुणाला त्रास नको.

मेट्रन : आणि पाना कुणी दिला?

काका : नाव सांगणार नाही. भल्या माणसाची नोकरी जायची.

मेट्रन : आपल्या वृद्धाश्रमात प्लंबर एकच आहे, काका.

काका : बघा, तुम्हीच ओळखलंत. मी काही बोललो नाही.

मेट्रन : उद्या तपासणीच्या बाई येणार आहेत. त्यांच्या पर्समध्ये मोजायची टेप असते. पलंगाच्या दोन्ही बाजूंना माणूस उभं राहील एवढी जागा सोडायची, असा नियम आहे. काकूंना उठवायची वेळ आली तर माझ्या मुली हात कुठून घालणार?

काका : एका बाजूनं त्या, दुसऱ्या बाजूनं मी.

मेट्रन : तुम्ही स्वतः उठताना भिंतीला धरता.

काका : धरत नाही, तपासतो. सुतार आहे मी, जन्माची सवय. ही भिंत वाकडी आहे बरं का. त्या बाईंना सांगा, टेप आणताय तर ओळंबाही आणा.

मेट्रन : आणि भिंतीवर पेन्सिलीची रेघ कसली ओढलीत?

काका : फळी येणार आहे तिथं. तिचा चष्मा, रेडिओ, गोळ्यांची डबी, सगळं एका जागी. घरी तिला फळ्यांची कमी पडू दिली नाही, मग इथं का पडावी?

मेट्रन : काकूंना हे ठाऊक आहे?

काका : छे. एकदम आणून दाखवणार. बघाच कशी खूश होते ती.

मेट्रन : म्हणजे विचारलं नाहीत.

काका : काय विचारायचं त्यात? बायकोला कुणी विचारतं का, माझ्याबरोबर राहतेस का म्हणून?

मेट्रन : कायदा विचारतो. जोडप्याला एकत्र राहायचं असेल तर आम्ही सोय करायलाच हवी, तुमचं ते बरोबर. पण होकार दोघांचा लागतो, आणि दुसरा समोर नसताना विचारावा लागतो. तुमचा झाला. तो तर तुम्ही मला जिन्यात, जेवणघरात आणि एकदा मी फोनवर बोलत असतानासुद्धा दिलात. आता काकूंना विचारायला निघालेय.

काका : आणि समजा, नाही म्हणाली तर?

मेट्रन : तर तुम्ही पुरुषांच्या बाजूला, त्या बायकांच्या बाजूला, आहे तसं. ही खोली दुसऱ्या कुणाला देऊ.

काका : ती कशाला नाही म्हणेल? या विचारून. मी तोवर दुसरी फळी मोजून ठेवतो.

मेट्रन : तुम्ही तोवर बोल्ट काढून ठेवा.

(बायकांच्या बाजूची खोली. मेट्रन आत येऊन दार लावून घेते.)

काकू : दार का लावलंत? कुणी गेलं का?

मेट्रन : सगळे ठणठणीत आहेत. तुमच्या एकटीशी बोलायचंय. कायद्याचं काम आहे.

काकू : अगं बाई, मी काय केलं?

मेट्रन : काही नाही केलंत. कोपऱ्यातली दोघांची खोली रिकामी झालीय. काकांना तिथं तुमच्याबरोबर राहायचंय. तुमची इच्छा आहे का?

काकू : परत विचारा बरं.

मेट्रन : ऐकू नाही आलं?

काकू : आलं की. ऐकायला बरं वाटलं, म्हणून.

मेट्रन : काकू, तुम्हाला काकांबरोबर राहायचंय का?

काकू : लग्न ठरलं तेव्हा आमच्या वडिलांनी यांना विचारलं, मुलगी पसंत आहे का. मी आत कपबशा पुसत होते. मला कुणी विचारलंच नाही. पुढे घर घेतलं, ते विकून दुसरं घेतलं, मुलाला परगावी शिकायला धाडलं, सगळं झाल्यावर मला कळायचं. माणूस वाईट नाही हो. कधी आवाज चढवला नाही की काही कमी पडू दिलं नाही. पण विचारायचं म्हणून असतं काही, हे त्यांच्या गावीच नाही.

मेट्रन : मग उत्तर काय समजू?

काकू : घाई आहे का?

मेट्रन : कायद्याला नाही. मला थोडी आहे.

काकू : मी इथं आले ना, पाय मोडल्यावर, तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, आंघोळ सकाळी हवी की दुपारी. मला बाई उत्तरच सुचेना. जन्मभर उजाडायच्या आत उरकत आले. मग धीर करून दुपारी म्हटलं. तेव्हापासून रोज आंघोळ झाली की खिडकीतल्या उन्हात केस मोकळे सोडून बसते. राणीसारखं वाटतं. आता हे आले की पहाटे दिवा लागणार आणि चहा झाला का, सुरू होणार.

मेट्रन : इथं चहा स्वयंपाकघरातून येतो, काकू.

काकू : तो त्यांना आवडायचा नाही. आणि ते स्वयंपाकघराला नाही, मला सांगणार.

मेट्रन : मग नाही म्हणायचं का?

काकू : असं कुठं म्हटलं मी? रोज जेवण झालं की इकडे येतात. त्यांच्या वाटणीचं गोड रुमालात गुंडाळून आणतात माझ्यासाठी. मला साखरेचं पथ्य आहे, ते काही त्यांच्या ध्यानात राहत नाही. मी शेजारणीला देऊन टाकते. पण वाट बघते हो. एखाद दिवशी उशीर झाला की जीव थाऱ्यावर नसतो माझा.

मेट्रन : त्यांनी पलंग जोडून ठेवलेत. फळीचीसुद्धा खूण केलीय.

काकू : फळी? किती उंच?

मेट्रन : माझ्या डोक्याच्या वर.

काकू : वाटलंच मला. घरातली एकूण एक फळी त्यांच्या हाताच्या मापाची. मी आपली स्टूल ओढतेय नि चढतेय. पडले तीसुद्धा त्या स्टुलावरूनच.

मेट्रन : पण तुम्ही तर ओल्या फरशीवरून घसरला होतात ना?

काकू : ते यांना सांगितलेलं. खरं कळलं असतं तर माणूस खचला असता. म्हणून मुलालाही तेच सांगितलं नि तुम्हालाही. बोलू नका हं कुठं.

मेट्रन : नाही बोलणार. बंद दाराआड तुम्ही सांगितलेलं बाहेर नेता येत नाही मला, तोही नियमच आहे. पण उत्तर द्यायच्या आधी खोली बघायचा हक्क आहे तुम्हाला. चला, मी वॉकर आणते.

\*

काका : आलीस? उंबरा आहे, वॉकर जपून. ही बघ आपली खोली. पलंग सोडवले हो मेट्रनबाई, असं तोंड करू नका.

मेट्रन : मी दाराशीच उभी आहे. बोला तुम्ही.

काकू : ही रेघ कसली?

काका : तुझी फळी. गोल कडा काढणार, हाताला लागायला नको.

काकू : हात पोचायचा नाही तिथं माझा.

काका : स्टूल करून देतो की. रुंद पायांचं, छान बुटकं.

काकू : मेट्रनबाई, फळीबद्दल काय म्हणतो हो कायदा?

मेट्रन : रोज लागणारी वस्तू राहणाऱ्याच्या हाताशी हवी. बसल्या जागेवरून घेता आली पाहिजे.

काका : हे लिहिणाऱ्यांनी कधी रंधा हातात धरलाय का? फळी खाली घेतली की डोकं आपटतं.

काकू : तुमचं आपटतं. माझं नाही.

काका : तेही खरंच म्हणा.

काकू : अहो, मी फरशीवरून घसरले नव्हते. स्टुलावरून पडले. वरचा डबा काढत होते.

काका : कुठला वरचा?

काकू : ओट्यावरच्या लांब फळीवरचा.

काका : मी केलेल्या?

काकू : आपल्या घरात दुसऱ्या कुणी केलेली फळी आहे का एक तरी?

काका : मग इतके दिवस बोलली का नाहीस?

काकू : येणाऱ्याजाणाऱ्याला ती फळी कौतुकानं दाखवायचात. कसं सांगणार?

काका : मी जरा बसतो.

मेट्रन : पाणी आणू, काका?

काका : नको. वाईट वाटलं, तेवढंच. माझ्या दुकानात गिऱ्हाईक आलं की मी आधी त्याचा हात मोजायचो, मगच कपाटाला हात घालायचो. हिचा कधी मोजला नाही. मेट्रनबाई, ते विचारायचं कसं असतं तुमच्यात?

मेट्रन : सरळ विचारायचं. आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं.

काका : दुसरं अवघड आहे.

काकू : बघा प्रयत्न करून.

काका : अगं, माझ्याबरोबर राहतेस का या खोलीत? घरी लावायचो तसा पहाटे मी दिवा लावणार नाही. चहा कसाही असला तरी पिईन. खिडकीकडचा पलंग तुझा, तुला ऊन लागतं केसांना, पाहिलंय मी बाहेरच्या बाकावरून. आणि—

काकू : गप्प बसायचं होतं ना?

काका : बसलो.

काकू : मेट्रनबाई, उद्या त्या तपासणीच्या बाईसुद्धा विचारतील का मला?

मेट्रन : विचारतील. तुम्हाला एकटीला, दार लावून.

काकू : मग माझं उत्तर त्यांनाच सांगेन. दोनदा विचारून घेते, हौस आहे माझी.

काका : आणि मला काय सांगतेस?

काकू : कानावरची पेन्सिल काढा. मी या पलंगावर बसते, बघा हात कुठवर जातो ते.

काका : इथं?

काकू : अजून खाली. खांदा ताणायला नको.

काका : इथं?

काकू : हां, इथं.

काका : एवढ्या खाली रेघ मारायची तर मला गुडघे टेकावे लागतील.

काकू : टेका. आणि उठताना भिंत धरू नका, वाकडी आहे ती. मी वॉकर घट्ट धरून ठेवते.