लाकडी दस्त्याची रायफल

कॅनडातल्या सास्कॅचवान प्रांतात, आमच्या पोलीस ठाण्यात बंदी आलेल्या रायफली जमा करायची रांग होती. माझ्यापुढे शेजारचा ओरेस्ट, त्याच्यापुढे एक अनोळखी बाई.

“कोल्हे वासरं ओढतात म्हणून घेतलेली ही. आज म्हणतात, लढाईची आहे,” ओरेस्ट आपली रायफल दाखवत तिला म्हणाला.

“दिसते तशीच.”

“काळी आहे म्हणून? तुमची लाकडी दस्त्याचीही सेमी-ऑटोमॅटिकच आहे, बाई, चाप ओढला की एकेक गोळी, पुन्हा भरायला नको. गोळीही तीच. पण ती म्हणे शिकारीची. हे ठरवणाऱ्याने कधी वासरू तरी पाहिलंय का?”

“मला काय विचारता?”

“मग विचारायचं कुणाला? आणि तुमच्या रायफलीवर बंदी नाही, तर तुम्ही रांगेत कशाला?”

“मला ती घरात नको.”

खिडकीशी तिची पाळी आली. आतल्या पोलिसाने तिची रायफल पाहिली.

“ताई, ही शिकारीच्या वर्गात बसते. आजची रांग फक्त बंदीवाल्यांची. परत न्या.”

“माझा मुलगा हिच्याच गोळीने गेला.”

“वाईट वाटतं, ताई. पण कायद्याने ही साधी रायफल आहे.”

ओरेस्ट पुढे सरकला. त्याने आपली रायफल तिच्या रायफलीशेजारी ठेवली.

“यांच्यात फरक काय, तेवढं दाखवा मला. नाही ना दाखवता येत? मग दोन्ही घ्या.”