पाचजणींची एक टोपली

मला एक सांगा, खरं लिहा म्हटल्यावर एखाद्या बाईनं खरंच लिहिलं, तर त्यात तिचं काय चुकलं हो? नाही, सांगाच! गेले आठ दिवस सगळी चाळ गिरिजाबाईंकडे अशी बघतेय, जणू त्यांनी कुणाच्या पेटत्या चुलीत पाणी ओतलं. नळावर त्या आल्या की बायका अर्ध्या भरलेल्या घागरी उचलून चालू पडतात. अर्ध्या! सोलापुरात, उन्हाळ्यात, अर्धी घागर घेऊन घरी जाणारी बाई तुम्ही कधी पाहिलीय?

आणि गिरिजाबाई कोण, तर सातवी फायनल पास झालेली, नवरा गेल्यावर गिरणीच्या वाइंडिंग खात्यात लागलेली, निम्म्या चाळीची पत्रं वाचून दाखवणारी आणि उरलेल्या निम्म्यांची लिहून देणारी. पण लिहिताना एक शब्द इकडचा तिकडे करायची नाही. सोजरबाई सांगायची, "लिवा की, म्हणावं मी लई आजारी हाय." तर ही पेन थांबवून विचारणार, "लई, का थोडी?" सोजरबाई कपाळाला हात लावायची. "अवं, भावानं यावं म्हणून लिवायचं हाय, डाक्तरला न्हाय!" तरी हिनं लिहिलं, 'मी थोडी आजारी आहे.' भाऊ आला नाही. आता असल्या बाईच्या हातात कागद द्यायचाच कशाला, मी म्हणते!

तर ते वाइंडिंग खातं. म्हणजे काय, कांडीवरचं सूत पुठ्ठ्याच्या मोठ्या, निमुळत्या कोनावर गुंडाळायचं. धागा तुटला की दोन टोकं धरायची, गाठ मारायची, सोडायचं. तुटला, धर, मार, सोड... आठ तास! एका ओळीत पाचजणी: गिरिजाबाई, जिभेनं तिखट सारजाबाई, ती आजारी सोजरबाई, नवीन लग्न झालेली मालती आणि टोकाला नागव्वा. पाचजणींचे भरलेले कोन एकाच वेताच्या टोपलीत पडायचे. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, संध्याकाळी यायचा तो टोपली मोजायचा. बाई मोजायचा नाही. हे लक्षात ठेवा.

नागव्वा अक्कलकोटकडची. तीस वर्षं झाली येऊन, तरी बोलण्यात तो कानडी हेल तसाच. मूल ना बाळ, नवरा केव्हाच गेला. घरी बोलायला कोण, तर भिंती. रविवार तिला खायला उठायचा. सोमवारी सगळ्यांच्या आधी गेटावर हजर, आणि सारजाबाई दिसली की पहिलं वाक्य, "काय गं, मेली न्हाईस व्हय अजून?" की सारजाबाई म्हणणार, "तुला पोचवल्याबिगर कशी जाऊ!" झाली आठवड्याची सुरुवात.

आणि तिचे डोळे गेले होते. एकदम नाही, हळूहळू, चार वर्षांत. पण तुम्हाला सांगते, हे त्या पाचजणींत एकदाही कुणी तोंडानं बोललं नाही! एक दिवस सारजाबाई म्हणाली, "सरक गं जरा, माझ्या अंगाला वारा लागू दे," आणि तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. नागव्वाचा धागा तुटला की हिचा हात जायचा. मग सोजरबाईचा. मग गिरिजाबाईंचा. मालती नवी आलेली, तिला कुणी शिकवलं नाही, तिनं बघून बघून उचललं. आणि नागव्वा आपली मान वाकवून धाग्याकडे बघत असल्यासारखी उभी. वर आणि रंगाचं कौतुक करायची! "आज काय हिरवंगार सूत आलंय गं, निसतं शेत!" सूत असायचं लाल. चौघी म्हणायच्या, "व्हय की, लई हिरवं."

पण फुकट उभी नसायची हं. भरलेला कोन टोपलीत टाकायच्या आधी तिच्या हातात जायचा. ती दोन्ही तळव्यांत धरून दाबायची. "ह्यो आतनं पोकळ हाय, काढ." उलगडून बघावं तर खरंच पोकळ. एकदाही चुकली नाही. अशी त्यांची वाटणी. कुणी लिहिली नव्हती, कुणी ठरवली नव्हती. टोपली भरत होती ना? मग काय चुकलं होतं हो त्यांचं?

तर मागच्या महिन्यात आलं यंत्र. चौऱ्याहत्तर साल आहे म्हणे, आता सगळं आपोआप व्हायचं. धागा तुटला की आपोआप गाठ मारणार! नारळ फोडला, हार घातला, पेढे वाटले. त्याला ऊन सोसत नाही म्हणून खिडक्यांना पडदे. त्याला कोरडी हवा सोसत नाही म्हणून पाण्याचे फवारे. सारजाबाई म्हणाली, "आमी इतकी वर्सं घामानं भिजतोय, तवा कुनी फवारा सोडला न्हाई. जावई आलाय गं बायांनो, जावई!" तेव्हापासून त्याचं नाव जावईबापू. आणि जावईबापूंना सूत कुठलं? निवडक, गुळगुळीत, न तुटणारं. कच्चं, तुटकं, गुठळ्यांचं सगळं इकडे ओळीत. यंत्र अडलं की वर तांबडा दिवा लागायचा आणि बायांनी पळायचं. "पळा गं, जावईबापूंचा घास अडकला!" आता कोण कुणाच्या हाताखाली, ते तुम्हीच ठरवा.

त्याच्याबरोबर मुंबईहून साहेब आले, मुकुंदसाहेब. वाईट माणूस नव्हता हो! हेच तर अवघड आहे... वाईट असता तर दोन शिव्या देऊन मोकळ्या झालो असतो. त्यानं बायांना बाकावर बसवलं, स्वतः उभा राहिला, आणि म्हणाला, "हे बघा, यंत्राला जे जमतं ते यंत्रानं करावं, माणसाला जे जमतं ते माणसानं. वाटणी न्यायाची झाली पाहिजे. यंत्राजवळ आता प्रत्येकीची जागा ठरेल, प्रत्येकीचं काम वेगळं मोजलं जाईल. जिच्याजवळ यंत्राला न जमणारं काम आहे, तिला कुणी हात लावणार नाही. तुम्हीच लिहून द्या, कोण काय करतं ते. अगदी खरं लिहा."

खरं लिहा! आणि कागद दिला कुणाच्या हातात? गिरिजाबाईंच्या!

रविवारी दुपारी जेवण आटोपून बाई बसल्या. दोन रकाने आखले, एक यंत्राचा, एक माणसाचा. खाली साहेबाच्या अक्षरातला प्रश्न होता : तुम्ही एकमेकींना कशी मदत करता? बाईंना वाटलं, हेच तर यंत्राला जमत नाही! हेच लिहायचं! त्यात नागव्वाची जागा पक्की होईल असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. आणि त्यांनी लिहिलं, 'आमच्या ओळीत नागव्वा हिला धागा दिसत नाही. तिच्या गाठी आम्ही चौघी वाटून मारतो. ती भरलेला कोन दाबून आतून पोकळ आहे का ते सांगते. तिचं आजवर एकदाही चुकलेलं नाही. असं एकमेकींना सांभाळून पाचजणींची टोपली भरते.' दोनदा वाचलं. अंगावर मूठभर मांस चढलं त्यांच्या. नागव्वाला आधी दाखवावं असं सुचलंसुद्धा नाही, वाचता कुठं येतंय तिला... आणि सांगायचं तरी काय, चार वर्षांत जे बोललं नाही ते?

सोमवारी दुपारच्या सुट्टीत, सगळ्या भाकऱ्या सोडून बसलेल्या, साहेब तिथंच आला. गिरिजाबाईंकडून कागद घेतला आणि उभ्यानंच वाचायला लागला. मोठ्यानं! "वा, छान लिहिलंय बाई," म्हणाला. आणि मग त्या ओळीवर आला. "नागव्वा हिला धागा दिसत..." आणि थांबला.

कागदावरनं मान वर केली त्यानं.

"नागव्वा कोण? आजी, तुम्हाला दिसत नाही?"

नागव्वाच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच. तिनं साहेबाकडे तोंड केलंच नाही. सारजाबाई रोज बसायची त्या बाजूला वळली आणि म्हणाली, "तुमाला ठाऊक हुतं?"

मालतीनं सारजाबाईकडे बघितलं, सारजाबाईनं खाली भाकरीकडे.

"पयल्यापास्नं?"

सारजाबाई, जिच्या तोंडाला जॉबरसुद्धा टरकतो ती सारजाबाई, चाचरत म्हणाली, "अगं, ठाऊक म्हंजी... आपलं तसंच..."

नागव्वा हसली. खरंच हसली हो! "अय्यो... आन् मी रोज मान वाकवून धागा बगत हुते! चार वर्सं नाटक केलं, आन् बगनारीला समदं म्हाईत!" हसता हसता थांबली. मग हळूच विचारलं, "ते हिरवं सूत... ते बी हिरवं नव्हतं व्हय गं?"

मालती रडायलाच लागली. गिरिजाबाई उठल्या, साहेबापुढे हात पसरून म्हणाल्या, "साहेब, ती ओळ खोडते मी. द्या कागद." साहेब म्हणाला, "बाई, वाचलेलं मी आता कसं खोडू?" त्या म्हणाल्या, "मग माझं नाव कमी करा, तिचं ठेवा. तिच्या हाताला कळतं ते यंत्राला कळत नाही." त्यावर साहेबाचं तोंड इतकंसं झालं. "कळतं हो बाई. यंत्राला डोळा बसवलेला आहे. जाड धागा, पोकळ बांधणी, सगळं त्याला दिसतं. आणि चालत्या यंत्रात उद्या आजींचा हात गेला तर? जबाबदार कोण?" आता यात त्या माणसाचं तरी काय चुकलं, सांगा! हात गेलाच असता तर?

डॉक्टरी तपासणी झाली, त्याच दिवशी, गिरणीच्या दवाखान्यात. डोळ्याची शीर वाळलीय, शस्त्रक्रियेनंसुद्धा काही होणार नाही. तसं तिला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं म्हणे मोठ्या दवाखान्यात. एकटीच जाऊन आली होती. भाऊबीजेला गावाला गेले होते म्हणून सांगितलं होतं या चौघींना! साहेबानं कामावरून कमी केल्याचा कागद पुढे केला. नागव्वानं अंगठा दिला आणि म्हणाली, "आयतु." तिच्या बोलीत म्हणजे झालं, संपलं.

संध्याकाळी पाचजणी गिरणीतून निघाल्या. एरवी नागव्वा सारजाबाईच्या कोपराला धरून चालायची, गप्पा मारायला म्हणून. त्या दिवशी धरलं नाही. गिरणीच्या भिंतीला हात लावून चालली, पार भिंत संपेपर्यंत. आणि भिंत संपल्यावर उभी राहिली. चौघी चार पावलांवर. पुढे व्हायची कुणाची छाती होईना. शेवटी गिरिजाबाईंनी जाऊन तिचा हात धरला, तर तिनं तो झिडकारला नाही, हे तिचे उपकार. दारापर्यंत गेल्या. दारात नागव्वा म्हणाली, "गिरिजाक्का, खोटं लिव म्हनत न्हाय मी. पन समदंच कशापायी लिवायचं गं?"

ह्याला काय उत्तर द्यायचं? फायनलला हे कुठं शिकवतात? म्हणून मी तुम्हाला विचारतेय, कुणाला येत असेल तर सांगा... नाही ना येत? मग नळावर त्या आल्या की घागर तरी पूर्ण भरून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या भोंग्याला चौघी यंत्रापुढे उभ्या राहिल्या. दहा वाजता कापसाचं तूस जाऊन यंत्राचा डोळा बिघडला, त्याला दिसेनासं झालं, आणि मुंबईहून दुसरा डोळा येईपर्यंत त्याच्या वाटणीच्या गाठी या चौघींनी हातानं मारायच्या असं साहेबानं सांगितलं, आणि त्यांनी मारल्या.